पडदा कुठे होता

लॅब टेक्निशियनच्या कोर्सला भाषणाचा तास कशाला हवा, हे त्या वर्गात कुणालाच कळत नव्हतं. रक्त काढायचं, नळीत भरायचं, काचेवर पसरायचं, मशीनमधून आकडा आला की लिहून द्यायचा. "नळीपुढे भाषण ठोकायचंय का?" असं पहिल्याच दिवशी कुणीतरी मागून म्हणालं आणि अख्खा वर्ग हसला. पण विषय सक्तीचा होता. त्यात नापास झालं तर सर्टिफिकेट नाही.

शिकवायला ज्या बाई आल्या, त्या पूर्वी रेडिओवर बातम्या वाचायच्या. पुढे घशाचं ऑपरेशन झालं, आवाज खरखरीत झाला आणि त्या कॉलेजात शिकवायला लागल्या. पोरांनी त्यांचं नाव बातमीबाई पाडलं. बातमीबाई कधी आवाज चढवायच्या नाहीत. वर्गात गलका झाला की त्या उलट आणखी हळू बोलायच्या, आणि मग त्या काय म्हणाल्या ते ऐकायला सगळे आपोआप गप्प व्हायचे.

शेवटून दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. घरात ती धाकटी, म्हणून आपणही तिला धाकटीच म्हणू. वर्गात तिला 'म्यूट' म्हणत. पहिल्या तासाला प्रत्येकाने उठून स्वतःबद्दल दोन वाक्यं बोलायची होती. धाकटी उठली, तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिली. जीभ टाळ्याला चिकटली ती सुटेचना. शेवटी शेजारी बसलेली मैत्रीणच म्हणाली, "बाई, मुलगी चांगली आहे, मी जामीन राहते." या मैत्रिणीला सगळे 'एक्सप्रेस' म्हणत, कारण ती एकदा सुटली की मधली स्टेशनं घ्यायची नाही.

वर्ग हसला. बातमीबाई हसल्या नाहीत. "बस," त्या म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात बघू."

धाकटी मुळात अशी नव्हती. वर्षभरापूर्वी तिची थोरली बहीण गेली, तेव्हापासून ती अशी झाली. ताई तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरातून, बेडरूमच्या खिडकीतून खाली पडली होती. धुतलेले पडदे लावत होती, स्टूल कलंडलं, खिडकीला जाळी नव्हती. घरात त्या वेळी फक्त भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा. ते बाथरूममध्ये दाढी करत होते. पोलीस आले, विचारपूस झाली, अपघात म्हणून नोंद झाली.

वडील लहानपणीच गेलेले. धाकटी आणि आई भाड्याच्या खोलीत राहायच्या. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरल्यावर भाऊजी म्हणाले, "आई, तुम्ही दोघी आता इथेच राहा. मला तरी दुसरं कोण आहे?" आईला रडूच फुटलं. खोली सोडली, सामान हलवलं. बेडरूमच्या खिडकीला भाऊजींनी जाड लोखंडी जाळी बसवून घेतली आणि ती खोली मायलेकींना दिली.

भाऊजी ड्रायव्हिंग शिकवायचे. छतावर पाटी लावलेली स्वतःची गाडी, आणि शिकवणाऱ्याच्या सीटपुढे वेगळा ब्रेक. शिकणारा गाडी भिंतीवर घालायला निघाला तरी यांचा आवाज एका पट्टीतला. ते फक्त पाय दाबायचे. गाडी थांबली की म्हणायचे, "हं, आता पुन्हा." बिल्डिंगमध्ये त्यांच्याबद्दल वाकडा शब्द कुणी काढत नसे. जावई असावा तर असा, असं लोक आईला म्हणत. अलीकडे नात्यातले एकदोघे त्याच्याही पुढचं बोलू लागले होते. मुलगी बाहेर कशाला द्यायची, घरातलाच माणूस आहे. आई त्याला हो म्हणत नव्हती, पण नाहीही म्हणत नव्हती. धाकटीला कुणी विचारलंच नव्हतं.

सत्राच्या शेवटी प्रत्येकाने कॉलेजच्या हॉलमध्ये, घरच्या माणसांसमोर बोलायचं होतं. विषय, 'मी पाहिलेला एक दिवस'. त्याची तयारी वर्गात सुरू झाली. धाकटीची पाळी आली तेव्हा ती कागद घेऊन उभी राहिली आणि ताई गेली तो दिवस वाचून दाखवला. ताई किती मायाळू होती, कशी सगळ्यांचं मन राखायची, आणि काळाने कसा घाला घातला. पुढच्या बाकावरच्या दोघींनी डोळे पुसले. एक्सप्रेससुद्धा गप्प झाली.

बातमीबाई खिडकीशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तू रडवलंस. पण मला काही दिसलं नाही. मायाळू म्हणजे काय? ती काय करायची? आणि तो दिवस. खिडकी कुठल्या बाजूला? पडदा कुठल्या रंगाचा?"

"हिरवा."

"ती पडली तेव्हा पडदा कुठे होता? हातात? दांडीवर? की तिच्याबरोबर खाली गेला?"

"माहीत नाही, बाई. मी तिथे नव्हते."

"मग ज्याला माहीत आहे त्याला विचार. जे तू पाहिलंस ते पाहिलंस म्हणून सांग, जे ऐकलंस ते ऐकलंस म्हणून सांग. बातमी अशीच वाचतात."

त्या संध्याकाळी जेवताना धाकटीने विचारलं, "भाऊजी, ताई पडली तेव्हा पडदा कुठे होता?"

आईच्या हातातली पळी भांड्याला लागून वाजली. भाऊजींनी घास संपवला, पाणी प्यायले.

"तिच्या हातातच होता. पडद्यासकट गेली. का गं?"

धाकटीने भाषणाचं सांगितलं. भाऊजी हळूहळू मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, "चांगला विषय घेतलास. मी तयारी करून घेतो. माझं कामच ते आहे, घाबरणाऱ्या माणसाला शिकवणं."

तेव्हापासून रोज कॉलेजला जाताना गाडीत सराव सुरू झाला. भाऊजी तिला गाडीही शिकवत होते. ती स्टिअरिंगवर, ते शेजारी. रस्ता मोकळा असला की म्हणायचे, "म्हण." ती म्हणायची. ते दुरुस्त्या करायचे. 'स्टूल कलंडलं' नको, 'पाय सरकला' म्हण. 'घरात दोघंच होते' नको, 'घरात रोजचीच सकाळ होती' म्हण. त्यांना शब्दांची चांगली जाण होती. भाषण खरंच सुधारत होतं.

एके दिवशी ती म्हणाली, "पडदा हातात घेऊनच ती..." तर ते म्हणाले, "नाही, पडदा दांडीला लोंबत राहिला होता. दोन कड्यांवर. मी बाहेर आलो तेव्हा तेवढाच हलताना दिसला. हे घाल, लोकांच्या डोळ्यांपुढे उभं राहील."

"तुम्ही म्हणाला होतात की हातात होता."

पुढे सिग्नल नव्हता, माणूस नव्हता. तरी भाऊजींनी आपल्याकडचा ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली. मागच्याने हॉर्न दिला.

"त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर होतं का?" ते शांतपणे म्हणाले. "चल, क्लच दाब. हं, आता पुन्हा."

धाकटीला आपलीच लाज वाटली. ज्याची बायको गेली त्या माणसाला आपण साक्षीदारासारखं उलटसुलट विचारतोय. तिने दोन कड्यांवर हलणारा पडदा भाषणात घातला.

पण भाषण पाठ होईना. नेमकं पडद्यापाशी आलं की अडखळायचं. तिने बातमीबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "शब्द पाठ करू नकोस. त्या दिवसांत तुझे हात काय करत होते ते आठव. उभी राहा आणि हातांनी करून बघ. शब्द मागून येतील."

दुपारी लॅब रिकामी होती. एक्सप्रेस स्टुलावर घड्याळ धरून बसली आणि धाकटी बोलू लागली. पडद्यापाशी आल्यावर ती थांबली, हात वर केले, हवेतच एक कडी दांडीत अडकवली. मग दुसरी. पडदा तिने स्वतः लावला होता ना. ताई गेल्यावर दोन-चार दिवसांनी, तिनेच. हात खाली आले, वाकले, गोल झाकण उघडलं आणि काहीतरी जड, ओलं ओढून बाहेर काढू लागले. धाकटीच्या नाकात एकदम आंबूस वास शिरला.

ती तशीच वाकून राहिली.

"काय झालं?" एक्सप्रेसने विचारलं. "अगं, वेळ चाललाय."

तिने वॉशिंग मशीन उघडलं होतं. भेटायला आलेल्यांच्या चादरी धुवायच्या होत्या म्हणून. आत हिरवे पडदे होते. सगळे. एकमेकांत पीळ पडलेले, ओले, दोन-चार दिवस बंद राहून आंबलेले. ते तिने पुन्हा धुतले, वाळवले आणि बेडरूमच्या खिडकीला लावले. तोवर त्या खिडकीला पडदाच नव्हता. दुपारचं ऊन आईच्या तोंडावर यायचं म्हणून तिथे कुणीतरी चादर खोचली होती. धाकटी खुर्चीवर चढून पडदे लावत होती तेव्हा भाऊजी येऊन उभे राहिले होते. त्यांनी खुर्ची धरली होती. "सांभाळून," म्हणाले होते.

या सगळ्या गोष्टी तिला ठाऊक होत्या. एक इथे, एक तिथे, अशा मनात पडून होत्या. त्या एकमेकींच्या शेजारी ठेवायचं कधी सुचलं नव्हतं.

"वेळ थांबव," ती एक्सप्रेसला म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

घरी आली तेव्हा भाऊजी शिकवणीवर गेले होते. आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. धाकटीने सगळं सांगितलं. मशीन, वास, चादर, भाऊजींची दोन वेगवेगळी उत्तरं. आईने मान वर केली नाही. शेंगा फुटत राहिल्या, दाणे ताटात पडत राहिले.

"मशीनमध्ये काय होतं हे वर्षानंतर कुणाला आठवतं?" आई म्हणाली. "तू दुसरा विषय घे. कॉलेजचा पहिला दिवस वगैरे."

"आई, चादर तुझ्याच डोक्याशी, खिडकीत खोचली होती."

"त्यांना आज लवकर जेवायचंय."

"आई."

"मला काही विचारू नकोस," आई म्हणाली. तिच्या बोटांतून एक शेंग सटकली आणि दाणे जमिनीवर घरंगळले. ती ते वेचायला खाली बसली ती बराच वेळ उठली नाही.

त्यानंतर घरात काहीतरी बदललं. भाऊजी लवकर घरी यायला लागले. धाकटी भाषणाचा सराव करायला खोलीत गेली की बाहेर टीव्हीचा आवाज कमी व्हायचा. एकदा तिने दार उघडलं तर ते दाराबाहेरच उभे होते, हातात पाण्याचा ग्लास. "घसा कोरडा पडला असेल," ते म्हणाले. बाथरूमच्या आरशासमोर तिने ओठ हलवून बघितलं तर तेवढ्यात बाहेरून टकटक झाली. मग तिने घरी सराव करणं सोडून दिलं.

बातमीबाईंना तिने काहीच सांगितलं नव्हतं. तिने फक्त विचारलं, "बाई, नुसतं पाहिलेलं सांगितलं आणि त्याचा अर्थ नाही सांगितला, तर चालेल?"

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "चालेल. घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो."

"माझं घर कॉलेजच्या मागच्या गल्लीत आहे. पहिला मजला, निळं दार. मी सहसा घरीच असते," त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी तिघंही गाडीने निघाले. धाकटी स्टिअरिंगवर, शेजारी भाऊजी, मागे आई. भाऊजींनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. धाकटीने गाडी मोठ्या रस्त्यावर घेतली. मग भाऊजी म्हणाले, "काल आई मला विचारत होत्या, आपल्या घरी पडद्यांचे जोड किती होते."

धाकटीने आरशात बघितलं. आई खिडकीबाहेर बघत होती, जणू गाडीत ती नव्हतीच.

"मी म्हटलं, दोन. एक लावायला काढलेला, एक मशीनमध्ये. बायकांच्या जातीला हे माहीत असायला हवं, नाही का?" ते थोडंसं हसले. "माणूस जातो, मागे राहिलेल्यांच्या मनात नाही नाही ते येतं. मी समजू शकतो. चल, भाषण म्हण एकदा."

तिने म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्यांच्या दुरुस्त्यांसकट. रोजचीच सकाळ. पाय सरकला. दोन कड्यांवर हलणारा पडदा. एकदाही अडखळली नाही.

"छान," भाऊजी म्हणाले. "अगदी असंच. मी समोरच बसतो, घाबरलीस तर माझ्याकडे बघ."

हॉल भरला होता. पंखे घरघरत होते, माइक मधूनच शिट्टी मारत होता. कुणाचे आईवडील, कुणाची लहान भावंडं, मागे कोर्सचे शिक्षक. एक्सप्रेसचं भाषण धाकटीच्या आधी होतं. ती दिलेल्या वेळेच्या दुप्पट बोलली आणि लोकांनी हसून टाळ्या वाजवल्या. मग धाकटीचं नाव पुकारलं गेलं.

ती माइकसमोर उभी राहिली. तिसऱ्या रांगेत भाऊजी, हात मांडीवर, चेहरा मोकळा. शेजारी आई, पर्स पोटाशी धरलेली.

"त्या घरात ती रोजचीच सकाळ होती," ती म्हणाली. भाऊजींनी मान हलवली. "असं मी ऐकलं. मी तिथे नव्हते. माझी ताई धुतलेले पडदे लावत होती, असंही ऐकलं. आता मी काय पाहिलं ते सांगते."

ती थांबली. थांबायला घाबरू नये, बोलणाऱ्याला तो वेळ फार वाटतो, ऐकणाऱ्याला नाही, असं बाईंनी शिकवलं होतं. तिने भाऊजींकडे बघितलं नाही. मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या बातमीबाईंकडे बघितलं.

मग तिने बिनपडद्याची खिडकी सांगितली. आईच्या डोळ्यांवर येणारं ऊन, खिडकीत खोचलेली निळ्या चौकटींची चादर. वॉशिंग मशीनचं झाकण उघडल्यावर आलेला वास. हिरवे पडदे किती होते ते सांगितलं आणि त्या घरात पडदे लावायच्या खिडक्या किती आहेत तेही सांगितलं. दोन्ही आकडे सारखेच होते, आणि दुसरा जोड तिने त्या घरात कधी पाहिला नव्हता. ते पुन्हा धुवून तिनेच लावले. खुर्ची कुणी धरली तेही सांगितलं. कुठे आवाज चढला नाही, कुठे रडू आलं नाही. 

"ताई त्या सकाळी कोणता पडदा लावत होती, ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला एवढंच बोलायचं होतं."

टाळ्या वाजल्या नाहीत. एका लहान मुलाने काहीतरी विचारलं, त्याला आईने गप्प केलं.

भाऊजी उभे राहिले. घाईने नव्हे. त्यांनी हॉलकडे वळून दोन्ही हात जरासे पुढे केले, नवशिक्याला थांबवतात तसे.

"माफ करा," ते म्हणाले. माइक नसतानाही त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "माझी मेव्हणी आहे. बहीण गेल्यापासून पोरगी खचली आहे. डॉक्टरांना दाखवायला हवं होतं, माझंच चुकलं. आम्ही तिला घरी नेतो."

लोकांच्या चेहऱ्यांवरचा ताण सैल झाला. कुणीतरी च्च् च्च् केलं. त्याच रांगेतल्या एका गृहस्थाने भाऊजींना वाट करून द्यायला पाय आवरले. धाकटीने ते सगळं वरून बघितलं आणि तिला कळलं की हा माणूस आता स्टेजवर येणार, दंडाला धरणार, आणि एवढ्या लोकांसमोरून आपल्याला घेऊन जाणार. आणि कुणी अडवणार नाही. तिचं बोलणं संपलं होतं. आता तिच्याकडे आणखी काही नव्हतं.

भाऊजी रांगेतून बाहेर पडत होते. त्यांना जायला वाट आईसमोरूनच होती. आई पाय बाजूला घेईना.

"आई, चला," ते म्हणाले.

आई उठली. चार माणसांत जिने कधी तोंड उघडलं नव्हतं ती बाई पर्स पोटाशी तशीच धरून उभी राहिली. कुणाकडे बघून बोलावं हे तिला कळत नव्हतं, म्हणून ती समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघून बोलली.

"ते मशीन हिच्या आधी मी उघडलं होतं," आई म्हणाली. "माझी लेक गेली त्याच संध्याकाळी. पडदे आत होते. मी झाकण परत लावून टाकलं."

मागच्या लोकांना ऐकू गेलं नाही. "काय म्हणाल्या?" असं कुणीतरी विचारलं. आणि आईला ते पुन्हा म्हणावं लागलं, आधीपेक्षा मोठ्याने.

भाऊजींचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेलेला धाकटीला वरून स्पष्ट दिसला. मग ते वळले आणि मधल्या वाटेने चालत, कुणालाही धक्का न लावता, हॉलबाहेर गेले. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मायलेकी त्या दिवशी घरी गेल्या नाहीत. मागच्या गल्लीतल्या निळ्या दाराच्या घरात राहिल्या. बातमीबाईंनी काही विचारलं नाही, गाद्या घातल्या आणि आतून कडी लावली. आई रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडली होती. एकदाच म्हणाली, "कुठे जाणार होतो गं आपण? म्हणून मी लावलं झाकण." धाकटीला तिचा राग आला होता, फार आला होता. तरी तिने आईच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी बाई त्यांना पोलीस चौकीत घेऊन गेल्या. तिथल्या अधिकाऱ्याने कंटाळून ऐकायला सुरुवात केली आणि हळूहळू पेन उचललं. पण वर्षापूर्वीच्या ओल्या पडद्यांवर काय उभं राहणार होतं? उभं राहिलं ते वेगळ्याच माणसामुळे. हॉलमधली गोष्ट बिल्डिंगपर्यंत पोचली आणि तळमजल्यावर शिवणकाम करणारी बाई आपण होऊन चौकीत आली. त्या सकाळी सगळ्यांत आधी तीच धावत गेली होती. ताईच्या अंगावर घालायला जवळ काही नव्हतं म्हणून तिने गिऱ्हाइकाचं शिवायला आलेलं कापड घातलं होतं. पडदा तिथे नव्हता. आणि खिडकीत? तिने वर बघितलं होतं. खिडकीत भाऊजी होते. त्यांच्या तोंडाला साबण नव्हता.

"आधी का नाही सांगितलंत?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मला कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि रोज जिन्यात भेटायचे ते. माझी मुलगी त्यांच्याकडे गाडी शिकत होती."

ताईने आदल्या दिवशी तिच्याकडे एक बॅग आणून ठेवली होती. आत तिचे चार कपडे. उद्या आईकडे जातेय, घरातून बॅग घेऊन निघाले तर जाऊ देणार नाहीत, असं म्हणाली होती. ती बॅग शिवणाच्या मशीनखाली वर्षभर पडून होती.

खटला चालला, बरेच दिवस चालला. भाऊजींच्या वकिलाने धाकटीला विचारलं, "तुम्ही भाषणाचं शिक्षण घेतलंय ना? लोकांवर परिणाम कसा करायचा, कुठे थांबायचं, हे तिथे शिकवतात?"

"हो, शिकवतात."

"म्हणजे आत्ताही तुम्ही ते वापरताय."

"वापरतेय," ती म्हणाली. "नाहीतर मला बोलताच आलं नसतं." तिला वाटलं, हे बोलून आपण घात केला. न्यायाधीशांनी मान वर न करता काहीतरी लिहून घेतलं.

पडद्याबद्दल भाऊजींनी कोर्टात तिसरंच काहीतरी सांगितलं. आवाज तसाच, एका पट्टीतला. शिक्षा झाली तेव्हाही ते डगमगले नाहीत. दोन पोलीस त्यांना घेऊन निघाले आणि बाकाजवळून जाताना ते आईपाशी जरासे थांबले.

"आई, जेवलात का?" त्यांनी विचारलं.

"हो, जेवले," आई म्हणाली. सवयीने, विचार करायच्या आत.

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि ते गेले.

परतताना बसमध्ये आई खिडकीशी बसली होती. 'हो, जेवले' म्हणून गेलेलं तोंड ती रुमालाने पुसत होती, थोड्या वेळाने पुन्हा पुसत होती. आपला थांबा येऊन गेला तरी ती पुसतच होती.